लुव्हिनिया गुडघ्यावर बसली नव्हती

माउंट नेबो चर्चमध्ये उपासना चालू असताना कुणा बाईवर पवित्र आत्मा उतरला की पहिला हात पडायचा तो अर्लीथा स्पायव्हीचा. पांढरा झगा, पांढरे मोजे, पांढरे हातमोजे आणि डाव्या खांद्याला टाचलेली निळी फीत. सेविकांच्या मंडळात तिला एकतीस वर्षं झाली होती. बाई ओरडत उठली, हात फेकायला लागली, की आधी तिचा चष्मा काढून घ्यायचा, मग मागून काखांत हात घालून तिला सावरायचं. दुसरीनं पंख्यानं वारा घालायचा आणि बाई आपली आपण शांत होईपर्यंत तिला बोलू द्यायचं. काय बोलते तिकडे लक्ष द्यायचं नाही. ते तिचं आणि देवाचं. अर्लीथानं शेकड्यांनी बायका अशा धरल्या असतील, पण त्यांतली एखादी काय म्हणत होती असं कुणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं.

एरवी तिच्या आयुष्यात सांगण्यासारखं फार नव्हतं. अठ्ठावीस वर्षं इस्पितळाच्या धुलाईखान्यात इस्त्रीच्या यंत्रात चादरी दाबल्या. नवरा ॲमॉस देवाघरी जाऊन बारा वर्षं झाली, मूलबाळ झालं नाही. मेकन शहराच्या प्लेझंट हिल भागात, उतारावरच्या ज्या तीन खोल्यांच्या घरात ती जन्मली, त्याच घरात राहत होती. आईची खुर्ची ओसरीवर होती तिथंच होती. तिच्यात कुणी बसत नसे.

सदुसष्टाव्या वर्षी तिचं नाटकाशी नातं जुळलं ते व्हॅलेन्शिया टीझलीमुळे. ही मुलगी याच भागातली. तिची आजी अर्लीथाबरोबर चादरी दाबायची. अटलांटाला जाऊन नाटकाचं शिकली आणि इथल्या कॉलेजात शिकवायला परत आली. पाळकांना विचारून तिनं चर्चचं तळघर दर गुरुवारी मागून घेतलं आणि आपल्या लोकांतल्या थोरल्या बायकांना बोलावलं. म्हणाली, काळ्या बायांची नाटकं दुसऱ्यांनी लिहिली की त्यांत आपण एक तर परक्याच्या स्वयंपाकघरात असतो, नाही तर कुणाच्या तरी खाटेशी रडत असतो. आता आपलं आपण लिहू.

"आणि तू लिहिलंस की कुठं असणार गं आम्ही? गव्हर्नरच्या बंगल्यात?" ओला मे कॉब म्हणाली. सगळ्या हसल्या. ओला मे म्हणजे अर्लीथाची पंचेचाळीस वर्षांची मैत्रीण. सेविकामंडळातही तिच्या जोडीची. अर्लीथा धरायची आणि ओला मे वारा घालायची.

व्हॅलेन्शियाची कामाची एक रीत होती. अकरा बायका गोलात बसायच्या. एकीनं आपली हकीकत सांगायची. मग पुढच्या गुरुवारी दुसरीनं उठायचं आणि तीच हकीकत, जशी आठवेल तशी, 'मी' म्हणून सांगायची. जिची हकीकत आहे तिनं मध्ये बोलायचं नाही, चुकलं तरी दुरुस्त करायचं नाही. व्हॅलेन्शिया म्हणायची, हकीकत एका तोंडातून दुसऱ्या तोंडात गेली की तिच्यातलं काय टिकतं ते कळतं, आणि जे टिकतं तेच रंगमंचावर टिकतं. बायकांना हे काही जड गेलं नाही. चर्चमध्ये एकीची साक्ष दुसरी आपल्या तोंडानं सांगते हे नेहमीचंच.

चौथ्या गुरुवारी अर्लीथानं आपल्या थोरल्या बहिणीची हकीकत सांगितली. लुव्हिनियाची. बावन्न वर्षांत तिनं ती कुणापुढे काढली नव्हती.

सन चव्वेचाळीस. लुव्हिनिया एकोणीस वर्षांची, लग्नाशिवाय दिवस गेलेले. त्या काळी अशा मुलीला प्रभुभोजनाच्या आदल्या शनिवारी मंडळीपुढे उभं करत. चिटणीस नाव वाचायचा, मुलीनं पुढे येऊन मंडळीची क्षमा मागायची, मग लोक हात वर करून मत देत, हिला ठेवायचं की काढायचं. पोराच्या बापाचं नाव कुणी विचारत नसे. तो बहुतेक वेळा गीतवृंदात बसलेला असे, आणि त्या दिवशीही होताच, दुसऱ्या रांगेत, जाड आवाजवाल्यांत. लुव्हिनियाचं नाव वाचलं गेलं. ती पुढे गेली. आईनं सकाळीच बजावलं होतं, दोन वाक्यांचं काम आहे, गुडघे टेक, बोल आणि घरी ये. लुव्हिनिया उभी राहिली. पाळकांनी विचारलं, तुला काही म्हणायचं आहे का? ती म्हणाली, नाही. पुन्हा विचारलं. ती म्हणाली, "मी देवाशी बोलले आहे. तुमच्याशी बोलण्यासारखं माझ्याकडे काही नाही." आणि पोटावर हात ठेवून, आणखी एक शब्द न बोलता, ती मधल्या वाटेनं चालत बाहेर गेली. मंडळीनं तिला काढली. आईनं घराबाहेर काढली. आठवड्यात ती डेट्रॉइटला गेली आणि त्र्याऐंशी साली वारली तोवर मेकनला तिनं पाय ठेवला नाही.

अर्लीथानं एवढं सांगितलं आणि खाली बसली. व्हॅलेन्शियानं वहीत लिहून घेतलं.

पुढच्या गुरुवारी ही हकीकत 'मी' म्हणून सांगायची पाळी ओला मेची आली. ओला मे गोष्ट सांगायला मोठी पटाईत. तिनं चर्चची जमीन सांगितली, मेणाचा वास सांगितला, खिडकीतून दिसणारं पेकानचं झाड सांगितलं. आणि मग म्हणाली, "मग मी गुडघे टेकले. फरशी गार होती. पायमोज्याला भोक होतं आणि ते मागच्या सगळ्यांना दिसतंय एवढंच माझ्या मनात होतं." अर्लीथाला वाटलं, ओला मे वाहवत गेली. सांगताना सजवायची तिला सवयच होती. तोंड उघडणार तोच व्हॅलेन्शियानं बोट ओठांवर ठेवलं. नियम तो नियम. लिहिताना पोरगी नीट लिहील, वहीत आपलं आहेच, असं अर्लीथानं मनाशी धरलं.

आता तिच्या मनात हे नाटक कशासाठी होतं ते सांगितलं पाहिजे. लुव्हिनियाची ती मुलगी, डेल्फीन, डेट्रॉइटला टपालखात्यात नोकरीला होती, एक्कावन्न वर्षांची झाली होती. लुव्हिनियाच्या अंत्यविधीला अर्लीथा गेली तेव्हा पहिल्यांदा तिनं भाचीचं तोंड पाहिलं. दफनानंतर घरात माणसं जेवणाची भांडी घेऊन येत होती. त्या गर्दीत डेल्फीननं तिला पकडून विचारलं होतं, "मावशी, मेकनला काय झालं ते आईनं मला कधीच सांगितलं नाही. माझी तिला तिथं लाज वाटली होती का?" तेवढ्यात कुणी तरी बटाट्याचं भांडं हातात दिलं आणि उत्तर राहून गेलं. तेरा वर्षं राहिलं. नाताळची कार्डं गेली, रविवारचे फोन झाले. पण लांबच्या फोनवर असलं बोलणं होत नाही. हवा कशी आहे, गुडघा कसा आहे, एवढंच होतं. नाटक ठरलं तेव्हा अर्लीथाला वाटलं, देवानंच सोय केली. आपल्याला सांगता येत नाही ते पोरीला डोळ्यांनी दिसेल. तिची आई पोटावर हात ठेवून ताठ चालत जाताना दिसेल, आणि प्रश्न मिटेल.

तिनं डेल्फीनला फोन केला. म्हणाली, ये, तुझी आई कशी उभी राहिली ते बघून जा. डेल्फीननं आधी आढेवेढे घेतले, मग रजा टाकली. मेकनला यायची तिची ही पहिलीच वेळ. एक रात्र आणि एक दिवस बसमध्ये काढून ती शनिवारी उतरली. उंच, जाड भुवयांची, थेट लुव्हिनियाची चाल. अर्लीथानं तिच्यासाठी लोणी घालून पावटे उकडले होते, कॉलर्डच्या पाल्याची भाजी, मक्याचा पाव, तळलेला मासा केला होता. डेल्फीन जेवली, भांडी धुतली आणि घरभर हिंडली. दाराच्या चौकटी हातानं चाचपून पाहिल्या. ओसरीवर गेली आणि आईच्या खुर्चीत बसली. अर्लीथाच्या तोंडाशी शब्द आला होता, पण तिनं तो गिळला.

नाटक रविवारी दुपारी चारला, जुन्या शाळेच्या सभागृहात. उपासना संपवून लोक परस्पर तिकडेच आले, त्यामुळे निम्म्या बायकांच्या डोक्यावर चर्चच्या टोप्या होत्या आणि सेविकामंडळ पांढऱ्या झग्यातच होतं. हातांत अंत्यविधीवाल्यांच्या जाहिरातीचे पुठ्ठ्याचे पंखे. आमची माणसं नाटक मुकाट्यानं बघत नाहीत. पडदा वर गेला तशी बडबड सुरू झाली. रंगमंचावरची बाई नवऱ्याचा खिसा तपासायला लागली तर मागून आवाज आला, डाव्या खिशात बघ गं. तापवलेल्या कंगव्यानं लहान पोरीचे केस सरळ करताना तिचा कान भाजला, तेव्हा सगळ्या सभागृहानं आपापला कान धरला. डेल्फीनसुद्धा हसली. अर्लीथा तिसऱ्या रांगेत मधल्या वाटेच्या कडेला बसली होती, डेल्फीन तिच्या शेजारी, आणि मागच्या रांगेत ओला मे.

मग चिटणीस आला. नाव वाचलं गेलं. लुव्हिनिया झालेली पोरगी कॉलेजातली होती, सडसडीत. पोटाला उशी बांधलेली. ती पुढे आली आणि उभी राहिली. अर्लीथानं डेल्फीनचा हात धरला आणि हळूच म्हणाली, "आता बघ."

पोरगी उभी राहिली. पाळक झालेल्या माणसानं विचारलं. तिनं मान खाली घातली, तिचे गुडघे वाकले आणि ती फळ्यांवर बसली. रडत रडत म्हणाली, मी चुकले, माझ्या पोटातल्या पापासाठी मला क्षमा करा. पायमोज्याला भोक होतं. तेही दिसलं. मतासाठी हात वर जायला लागले तशी आई धावत आली, तिनं मुलीला उचलून छातीशी धरलं आणि सगळ्यांकडे तोंड करून म्हणाली, हे लेकरू माझ्या घरात वाढेल, बघू कोण काय म्हणतं. गीतवृंद उभा राहिला. गाणं सुरू झालं आणि सभागृहात निम्मी माणसं डोळे पुसायला लागली.

अर्लीथानं शेजारी पाहिलं. डेल्फीनच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि तिनं हात सोडवून घेतला होता.

त्या क्षणी अर्लीथाला एवढंच कळलं, की या पोरीला ती पाप आहे असं आपण डेट्रॉइटहून बोलावून आणून ऐकवलं. ती उठली. उठलेली तिचं तिलाही कळलं नाही. गाण्याच्या वर आवाज काढून ती म्हणाली, "नाही बसली ती. गुडघ्यावर नाही बसली ती."

एका बाजूनं आवाज आला, सांगा सिस्टर, सांगा. दुसरीकडून आला, हो, नाही बसली. कुणी तरी टाळ्या धरल्या. अर्लीथानं दोन्ही हात हलवून सांगायचा प्रयत्न केला, की तसं नाही, खरंच नाही, मी तिथं होते, ती चालत गेली. लोक म्हणाले, चालत गेली, आमेन, चालत गेली. गीतवृंदानं तिचे शब्द उचलले. ते गाण्यात घातले आणि ओळ तीनदा फिरवली. बाजूच्या एका सेविकेनं येऊन तिचा चष्मा अलगद काढून घेतला. समोरचं सगळं धूसर झालं. दोन हात मागून काखांत आले. तोंडावर पंख्याचा वारा यायला लागला. अर्लीथा जितकं जोरात सांगत होती तितका लोकांना तिच्यावर आत्मा उतरलेला दिसत होता. आपल्याला कसं धरलं आहे हे तिला बरोबर कळत होतं. तिनंच या मुलींना तसं धरायला शिकवलं होतं.

वारा ओला मे घालत होती. ती वाकली आणि तिच्या कानाशी म्हणाली, "बस आता, अर्लीथा. ती नाही बसली. मी बसले होते. एक्कावन्न साली, माउंट नेबोच्याच फरशीवर."

अर्लीथा खाली बसली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

नाटक संपल्यावर व्हॅलेन्शिया धावत आली. तिचे डोळे भरलेले होते. तिनं अर्लीथाला मिठी मारली आणि म्हणाली, मिस अर्लीथा, आज तुम्ही माझं नाटक पुरं केलंत. तिनं सांगितलं, की आजचा प्रयोग टेपही केला आहे. अर्लीथा चष्मा कुठं आहे ते विचारत होती.

घरी गेल्यावर डेल्फीन डोकं दुखतंय म्हणून लवकर पडली. सोमवारी सकाळी बस दहाची होती. अर्लीथानं उठून मक्याच्या रव्याचे ग्रिट्स केले, अंडी तळली. डेल्फीन टेबलाशी बसली, पण चमचा फिरवत राहिली. अर्लीथानं मनाची तयारी केली होती. ती म्हणाली, काल तू पाहिलंस ते खोटं होतं. तुझी आई गुडघ्यावर बसली नाही, तिनं क्षमा मागितली नाही, तुला पाप म्हटलं नाही. पोटावर हात ठेवून ती ताठ निघून गेली, आणि मंडळीनं हात वर करून तिला काढली. तेरा वर्षांपूर्वी विचारलं होतंस ना, हे त्याचं उत्तर.

तिला वाटलं होतं, डेल्फीन रडेल, किंवा उठून जवळ येईल. डेल्फीननं चमचा खाली ठेवला.

"मग घरी कुणी आणलं मला?"

अर्लीथाला कळलं नाही.

"नाटकात आजी म्हणाली ना, हे लेकरू माझ्या घरात वाढेल. ते?"

अर्लीथा म्हणाली, "तसं नाही झालं. आईनं दार लावून घेतलं."

डेल्फीन हसली. ते हसू चांगलं नव्हतं. तिनं सांगितलं, की काल ती त्या बोलण्यावर रडत होती. तिला ती खोली आठवत होती, डेट्रॉइटला जिन्याखाली होती ती, जिथं आई कामाला जाताना तिला शेजारणीकडे सोडायची, आणि शेजारीण तिला खुर्चीला बांधून ठेवायची. काल संध्याकाळी तिला पहिल्यांदा वाटलं होतं, की कदाचित तसं नव्हतं ठरलेलं. कदाचित या घरात कुणी तरी तिला घ्यायला तयार होतं आणि काही तरी मध्ये आलं. "ती गुडघ्यावर बसली असती तर मी या ओसरीवर वाढले असते, मावशी. दोन वाक्यांचं काम होतं. तुला ती ताठ उभी राहिलेली आवडते. तिच्या ताठपणाचं जेवण मी जेवले आहे."

अंडी गार होत होती.

"आणि हात वर केले म्हणालीस," डेल्फीन म्हणाली. "कुणाकुणाचे वर होते?"

"सगळ्यांचे."

"तू होतीस?"

"मी पंधरा वर्षांची होते."

"मी वय नाही विचारलं."

अर्लीथा टेबलावरच्या आपल्या हाताकडे बघत राहिली. गुरुवारच्या गोलात तिनं हे सांगितलं नव्हतं. ॲमॉसलाही सांगितलं नव्हतं. आईनं कोपरानं डिवचलं होतं, हे खरं. पण डिवचायच्या आधीच हात निघाला होता, हेही खरं. कारण बाजूच्या सगळ्यांचे वर गेले होते, आणि एकटाच खाली राहिलेला हात लोकांना दिसतो.

"होता," ती म्हणाली. "माझाही वर होता."

डेल्फीननं मान हलवली, टपालाच्या खिडकीवर एखादा कागद बरोबर आहे हे पाहून हलवतात तशी. मग ती उठली आणि बॅग घेतली. स्टेशनवर तिनं मावशीला मिठी मारली, रीतीप्रमाणे. बस सुटली.

ओला मेनं त्या दुपारच्या बोलण्याचा पुन्हा उल्लेख केला नाही. बुधवारी ती पीचचं गोड करून घेऊन आली, भांडं ठेवलं, टीव्हीवरच्या बातम्यांना नावं ठेवली आणि गेली. अर्लीथानं विचारलं नाही. पंचेचाळीस वर्षांत ओला मेच्या धाकट्या भावाचा वाढदिवस तिनं कितीदा केला होता. तो भाऊ एक्कावन्न साली जन्मला होता आणि सगळ्या बहिणींत एकट्या ओला मेसारखाच दिसायचा. लुव्हिनियानंतर असल्या शनिवारी अर्लीथा चर्चला गेली नव्हती, तरी हे सगळं इतकी वर्षं डोळ्यांसमोर होतं. विचारायचं म्हणजे ऐकून घ्यावं लागलं असतं, आणि ऐकायची सवय दोघींनाही नव्हती.

नाटक गाजलं. दर शनिवार-रविवार प्रयोग लागायला लागले, सव्हाना आणि ऑगस्टाहून बोलावणी आली. महिन्याभरानं पार्लरमध्ये केस धुवायला गेली असताना अर्लीथाला तिथं कळलं, की आता प्रत्येक प्रयोगात तिसऱ्या रांगेतून एक बाई उठते, जांभळ्या टोपीची, आणि ओरडते, नाही बसली ती. ती नटी असते. तिला धरायला दोन पांढऱ्या झग्यातल्या नट्या असतात. सांगणारी म्हणाली, लोक खुर्च्यांवर उभे राहतात त्या वेळी. हेही म्हणाली, की ही टोपीवाली ज्या खऱ्या बहिणीवरून घेतली ती बिचारी वारली म्हणे मागेच. अर्लीथाचं डोकं बेसिनमध्ये होतं. ती म्हणाली, पाणी जरा गरम आहे.

दुसऱ्या दिवशी ती कॉलेजात गेली. व्हॅलेन्शियानं तिला खुर्ची दिली, कॉफी मागवली. ती काही वाईट मुलगी नव्हती. अर्लीथा बोलायच्या आत तीच म्हणाली, की गुडघे टेकणं तुमच्या हकीकतीत नव्हतं, मला ठाऊक आहे, माझ्या वहीत आहे. पण नाटक एकीचं नसतं, अकरा जणींचं असतं. ते काढलं तर दुसरीचं काढल्यासारखं होईल, आणि तिचं नाव मी तुम्हाला सांगणार नाही.

"नको सांगूस," अर्लीथा म्हणाली. "मी ते काढायला नाही सांगत. राहू दे तिचं."

मग तिनं सांगितलं, की लुव्हिनियाच्या मागे, बाकावर, एक पंधरा वर्षांची मुलगी बसव. काही बोलायची गरज नाही. मत घेताना तिचा हात वर जाऊ दे. आणि ती जांभळ्या टोपीची बाई ओरडायला उठते, तीच ही मुलगी, हे लोकांना कळू दे. जी इतक्या वर्षांनी म्हणते नाही बसली, तिनंच हात वर केला होता.

व्हॅलेन्शिया बराच वेळ पेन्सिल ओठांवर आपटत राहिली. तिच्या डोळ्यांत ते उभं राहिलेलं अर्लीथाला दिसलं. नाटक कळणाऱ्या माणसाला ते दिसणारच. मग तिनं पेन्सिल खाली ठेवली.

"मिस अर्लीथा, त्या ठिकाणी लोक तुमच्या बाजूनं उभे राहतात," ती म्हणाली. "हे घातलं तर बसून राहतील. आपल्या बायकांना आपलीच बाई वाईट दिसलेली नको असते. ते दाखवायला बाहेरचे आहेत की."

अर्लीथा म्हणाली, मग हे कुणी दाखवायचं? व्हॅलेन्शिया म्हणाली, बघू, पुढच्या एखाद्या नाटकात. आणि विषय बदलावा म्हणून आनंदानं सांगितलं, की तुमच्या भाचीनं डेट्रॉइटहून पत्र पाठवून त्या पहिल्या प्रयोगाची कॅसेट मागितली होती, आम्ही पाठवली, त्यांना फार आवडलंय असं दिसतं.

अर्लीथा दोन बस बदलून घरी आली. रविवारी उपासनेला गेली तेव्हा तिनं पांढरा झगा घातला नाही. पाळकांना सांगितलं, कंबर साथ देत नाही. मागच्या बाकावर बसली. कुणी ओरडून उठलं की ती कान देऊन ऐकायचा प्रयत्न करी, पण गाण्यात नीट कळत नसे.

संध्याकाळी तिनं डेट्रॉइटला फोन लावला. डेल्फीननं घेतला. हवा कशी आहे ते झालं. गुडघा कसा आहे ते झालं. मग अर्लीथानं विचारलं, कॅसेट मिळाली का?

मिळाली, डेल्फीन म्हणाली. तिनं आपल्या मुलांना दाखवली, नातवंडांना दाखवली. आजी लेकीला छातीशी धरते तिथवर सगळे बघतात. धाकटी नात तर रोज मागते.

"आणि मग?" अर्लीथानं विचारलं.

"तू उठतेस त्याच्या आधी मी बंद करते, मावशी."

अर्लीथा म्हणाली, बरं. तिनं विचारलं, मुलं किती मोठी झाली, आणि डेल्फीननं एकेकाचं वय सांगितलं.